'यारों' संपलं की 'शुक्रतारा' सुरू व्हायला हवं! तुमचंही असं होतं का? (आणि जुनी कॅसेट उतरवून कशी घ्यायची?)

ओगलेवाडीकर

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत. एक तांत्रिक आहे, दुसरा ऐकून बायको हसली.

हसली तो आधी सांगतो. केकेचं 'यारों' कुठेही लागू दे, रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, मुलीच्या फोनवर, ते संपता संपता माझ्या कानात 'शुक्रतारा मंद वारा' सुरू होतं. प्रत्यक्षात लागतं दुसरंच काहीतरी आणि मला अंधारात पायरी चुकल्यासारखं होतं. 'शुक्रतारा' संपलं की सिल्क रूटचं 'डूबा डूबा' हवं. कुठल्याही शहाण्या माणसानं ही तीन गाणी ह्या क्रमानं लावली नसतील. लावली ती आमच्या वऱ्हाडीनं.

मी १९९६ ते २००० कराडला सरकारी इंजिनिअरिंगला होतो, मेकॅनिकल. हॉस्टेल विद्यानगरात, कृष्णेच्या पलीकडे. (आयडीवरून गैरसमज नको, मी मूळचा चिपळूणचा. ओगलेवाडीला आमचं स्टेशन, आणि ओगल्यांचा काचकारखाना, ज्याचे प्रभाकर कंदील आजीच्या माजघरात टांगलेले असायचे. म्हणून हे नाव घेतलं.) रूमवर आम्ही तिघं. मी, तासगावचा पैलवान, ज्यानं आयुष्यात कुस्ती खेळली नाही पण कान तसे होते, आणि यवतमाळचा वऱ्हाडी. तेव्हा ७०:३० होतं. ७० टक्के जागा आपल्या विद्यापीठातल्या पोरांना, ३० बाहेरच्यांना. वऱ्हाडी त्या तिसांतला. धामणगावला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसायचा आणि अख्खं राज्य आडवं कापून कराडला उतरायचा. येताना तिखट शेव, आणि एकदा काखेत टू-इन-वन.

कॅसेटची पद्धत त्याचीच. तिघांनी आपापली गाणी सांगायची, क्रम तो लावणार, गावातल्या दुकानात भरून घ्यायची. माझी मागणी 'गारवा'. १९९८ मध्ये ते आलं आणि कोकणातल्या पोराला पावसाचं एवढं कौतुक का वाटावं यावरून मी पुष्कळ बोलणी खाल्ली. पैलवानाचं एकच, किशोरकुमार. वऱ्हाडीला नवं पॉप सगळं तोंडपाठ, पण घरी नागपूर आकाशवाणी ऐकत वाढलेला, त्यामुळे 'शुक्रतारा'ही त्याचंच. त्याचा हिशोब असा की एकाचं गाणं, लगेच दुसऱ्याचं, म्हणजे कोणी बटण दाबायला उठणार नाही. उठलंच कोणी तर, "फॉरवर्ड कायले करतं बे? हे झालं की तुहंच आहे." पैलवानाला लकी अली आवडायला लागला तो केवळ त्यानंतर किशोर यायचा म्हणून.

आणि जीटीच्या, म्हणजे ग्लास ट्रेसिंगच्या, रात्री! इंजिनिअरिंगवाल्यांना सांगायला नको. दोन खुर्च्यांवर काच, खाली शंभरचा बल्ब, काचेवर एखाद्या हुशार पोराची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद. रेषेवर रेष. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या विंगमध्ये फक्त जमिनीलगत उजेड, आणि माणसं खालून उजेड पडलेल्या राक्षसांसारखी दिसत. ज्याच्या हातात पेन्सिल तो हलणार नाही, बाजू संपून बटण खटकन वर आलं की कॅसेट उलटायची दुसऱ्यानं. 'यारों' ऐकलं की मला फेअरवेल आठवत नाही, सगळ्यांना आठवतं तसं. मला त्या बल्बनं तापलेली काच आठवते.

आता तांत्रिक प्रश्न. ती कॅसेट माझ्याकडे आहे. टीडीकेची ९०. बी बाजूच्या शेवटी आम्ही तिघांनी गच्चीवर केलेला आरडाओरडा आहे. लाइट गेली होती, सेल उतरत आलेले, त्यामुळे आमचे आवाज शाळकरी मुलींसारखे निघतात. मागे महालक्ष्मीची शिट्टी ऐकू येते, तीसुद्धा चिरकी. पण कॅसेट चिपळूणच्या घरी पडून होती, फितीवर पांढरे ठिपके आलेत आणि मधली स्पंजची पट्टी गळून पडलीये. पुण्यात एका दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला, "काका, ही गाणी सगळी यूट्यूबवर आहेत की." काय सांगणार त्याला?

डिसेंबरात आमच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे. ग्रूपवर "आपल्या काळातली गाणी" म्हणून लांबलचक यादी फिरतेय. ही कॅसेट उतरवून तिथे टाकावी असं मनात आहे. अडचण वऱ्हाडीची. तो ग्रूपवर नाही. केके गेला त्या रात्री, ३१ मे २०२२, ग्रूपवर सगळ्यांनी तेच एक गाणं टाकलं. कोलकात्यात कॉलेजच्याच कार्यक्रमात गाऊन तो गेला, त्यामुळे जरा जास्तच लागलं होतं सगळ्यांना. वऱ्हाडीनं फक्त लिहिलं, "ए बाजू, सातवं." कोणाला कळलं नाही. मी मोजलं, तर माझ्या कॅसेटवर ते पाचवं. वाटलं, विसरला. पुढे कधीतरी तो ग्रूपमधून निघाला. भांडण नाही, तंटा नाही. सकाळची फुलं आणि संध्याकाळचं राजकारण यांना कंटाळला असावा. माझंही बोलणं राहूनच गेलं.

तर, गाण्यांचा असा क्रम तुमच्या डोक्यात बसलाय का? आणि कॅसेट कशी वाचवू?


मनीप्लांट

तुमच्या बायकोला सांगा, ह्यावर रीतसर संशोधन झालंय. :)

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून तोंड उघडते. जॉर्जटाउन विद्यापीठात एंबर लीव्हर, योसेफ राउशेकर आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रकार तपासला. निबंध २००९ मध्ये 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'मध्ये आला. लोकांना त्यांच्या पाठ असलेल्या सीडीतली गाणी ऐकवली आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत मेंदू काय करतो ते स्कॅनरमध्ये पाहिलं. ओळखीचा क्रम असेल तर त्या शांततेतच मेंदूच्या पुढच्या भागात हालचाल सुरू होते, हातापायांच्या हालचालींची आखणी जिथे होते त्या भागांतही. म्हणजे पुढचं गाणं तुम्ही नुसतं आठवत नाही, त्याची तयारी करत असता. अनोळखी क्रमानंतरच्या शांततेत हे होत नाही.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेव्हिसला पीटर जनाटांनी दुसरी बाजू दाखवली. जुनं गाणं आणि त्याला चिकटलेली माणसं, जागा, हे कपाळामागच्या एकाच भागात एकत्र येतात. आणि म्हातारपणी माणसाला सर्वांत जास्त आठवतं ते साधारण दहा ते तीस वयातलं. कॉलेज बरोबर मधोमध पडतं. त्या वयात पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी फार असतात, हे एक कारण मानतात. मला स्वतःला वाटतं, तेव्हा तीच तीच गाणी ऐकण्याएवढा वेळ असतो, हेही आहेच.

माझा क्रम? आमच्या वसतिगृहात टेपला बंदी, रेडिओ चाले. रेडिओला क्रम नसतो, निवेदक असतो. त्यामुळे माझ्या डोक्यात गाण्यानंतर गाणं येत नाही, फर्माइश करणाऱ्यांची नावं येतात. झुमरीतलैय्या से...


टेपवाला_काका

ओगलेवाडीकर साहेब, माझं विट्याला कॅसेटचं दुकान होतं, सीडी येऊन आमचा बाजार उठेपर्यंत. म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली तुम्हाला आवडणार नाही.

क्रम तुमच्या मित्रानं लावला असं म्हणता. अर्धा त्यानं लावला असेल. अर्धा दुकानदारानं. ९०ची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं, कंपनी थोडी फीत वर घालायची ती वेगळी. गाणं पाच-सहा मिनिटांचं धरलं तर आठ बसतात, नशीब असेल तर नऊ. पोरं वहीच्या फाटक्या पानावर बारा लिहून आणायची आणि वर म्हणायची, "काका, बसवा." मग आम्ही गाण्यांची मिनिटं लिहून बेरीज करायचो. लांब गाणं वर, छोटं खाली, हे इकडे ते तिकडे. शेवटचं गाणं मध्येच तुटलं तर गिऱ्हाईक भांडायला यायचं, आणि दोन मिनिटं कोरी राहिली तरी यायचं! म्हणून शेवटी एखादी वाद्यांवरची धून टाकायची. तुमच्या ए बाजूच्या शेवटी असं काहीतरी यादीबाहेरचं आहे का बघा. असलं तर ते आमच्यासारख्या कोणाचं तरी.

आता कॅसेट. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. अशी कॅसेट थेट टेपात घालू नका, हेड खराब होईल आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. एक-दोन दिवस कोरड्या जागी, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. उन्हात नको, ड्रायर तर अजिबात नको. टीडीकेच्या कवचाला बहुतेक वेळा पाच बारके स्क्रू असतात. दुसरी एखादी स्क्रूवाली जुनी कॅसेट घ्या, तिची पट्टी शाबूत असलेली. दोन्ही उघडा, तुमची चाकं फितीसकट उचलून दुसऱ्या कवचात बसवा. फीत रुळांवरून कशी फिरते त्याचा आधी फोटो काढा, नाहीतर बसाल कोडं सोडवत. पट्टी बसल्याशिवाय वाजवून उपयोग नाही, फीत हेडला टेकत नाही आणि आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा येतो. मग हातानं, पेन्सिलीनं, हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. फिरवताना सुती फडकं फितीला नुसतं टेकवायचं, घासायचं नाही. आणि तोंडाला मास्क. बुरशी आहे ती.

कवच बदललं की वरच्या कडेच्या दोन टिकल्या मोडून टाका. घाईत कोणीतरी रेकॉर्ड दाबतं आणि पंचवीस वर्षं जातात.

वाजवायला शक्यतो डेक मिळवा, लाइन-आऊट असलेला. ते यूएसबीवाले स्वस्त वॉकमन मिळतात ते घेऊ नका, त्यांचा वेगच धड नसतो. जुन्या डेकचे रबरी पट्टे चिकट झालेले असतात, ते बदलून घ्या. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. हेडशेजारी एक बारका स्क्रू असतो, तो केसभर फिरवून आवाज सर्वांत स्वच्छ कुठे येतो ते कानानं बघा. ज्या डेकवर भरली त्याचं हेड थोडं तिरकं असलं तर तुमचंही तितकंच तिरकं करावं लागतं. मग संगणकात ऑडॅसिटी, फुकट आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल, एमपी३ नंतर करा. आवाजाचा काटा शून्याच्या बराच खाली ठेवा. आणि मुख्य म्हणजे बाजू अखंड उतरवा. गाणी तोडू नका, मधली खरखर काढू नका. तुम्हाला जे हवंय ते त्या खरखरीतच आहे.

गच्चीवरच्या भागाचं असं आहे. सेल उतरल्यामुळे मोटर मंद चालली, तेवढ्याच वेळात फीत कमी सरकली. आता नीट वेगानं लावलं की सगळं घाईत आणि चिरकं ऐकू येतं. शेवटाकडे जास्तच चिरकं होत गेलं असेल, कारण सेल मरत होते. तेवढाच तुकडा वेगळा काढून त्याचा वेग कमी करा. 'चेंज स्पीड' वापरा, 'चेंज पिच' नाही. तुमचे आवाज परत तुमचे होतील.


खोऱ्यातला

धागा छान आहे, पण कॉलेजच्या आठवणी म्हटलं की हॉस्टेल, गच्ची आणि टू-इन-वन हेच का येतं, ते मला विचारायचंय.

मीही त्याच वर्षांत कराडला होतो, कृष्णेच्या अलीकडच्या एका कॉलेजात, बी.एस्सी.ला. ढेबेवाडी खोऱ्यातून अप-डाऊन. आमच्यासाठी मैत्री म्हणजे वडापची, म्हणजे सीटवर चालणाऱ्या खासगी जीपची, मागची बाजू. एसटीचा पास होता, पण एसटी भरून यायची, नाहीतर यायचीच नाही. मग ट्रॅक्सला मागं लटकायचं, एक पाय आत, एक बाहेर, वह्या शर्टात खुपसलेल्या. टेप ड्रायव्हरचा, कॅसेट ड्रायव्हरची, आवडनिवडही त्याचीच. सकाळी प्रल्हाद शिंदेंची भक्तिगीतं, संध्याकाळी आनंद शिंदे, आणि सीट भरली की आवाज वाढवायचा. कोळ्याला एक पोरगा चढायचा, विंगला दोघं. कुणाचं घर कसं आहे हे आम्ही कधी बघितलं नाही. कॉलेज सुटलं की सगळे आपापल्या फाट्यावर उतरायचे, संपलं.

कॅसेट भरून घ्यायला पैसे नव्हते आणि भरली असती तर वाजवायची कशावर? त्यामुळे "आपल्या काळातली गाणी" अशी यादी कोणी टाकली की मला ती दुसऱ्याच कोणाच्या काळातली वाटते. केके मी नोकरी लागल्यावर ऐकला. चांगला गायचा. पण मला काही होत नाही.

क्रमाचं मात्र खरं आहे. ड्रायव्हरकडे दोनच कॅसेटी होत्या, त्यामुळे कुठल्या वळणावर कुठलं गाणं हे ठरलेलं असायचं. आजही चचेगाव ओलांडताना एक अभंग तोंडात येतो. त्या कोळ्याच्या पोराचं नाव आठवत नाही, अभंग आठवतो. याला गंमत म्हणायचं का काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.


शंकासुर

धागाकर्ते, एक गणित जुळत नाही. तुम्ही १९९६ चे. जीटीचा धुमाकूळ असतो पहिल्या-दुसऱ्या वर्षी, ग्राफिक्स आणि मशीन ड्रॉइंगला. म्हणजे १९९८ पर्यंत. केकेचा 'पल' अल्बम १९९९ चा. मग काचेवर वाकलेले असताना 'यारों' कसं वाजलं?


ओगलेवाडीकर

@शंकासुर, मेकॅनिकलला शेवटच्या वर्षापर्यंत शीटं असतात हो. डिझाईनची. तेव्हाही जीटी मारलीय. काच तापलेली मला स्पष्ट आठवते.

@मनीप्लांट, बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, "मेंदूच्या पुढच्या भागात तयारी होते ना, मग भाजी आणायची तयारी का होत नाही?" असो.

@टेपवाला काका, तुमच्या पाया पडतो. ए बाजूच्या शेवटी खरंच सिंथेसायझरवरची एक धून आहे, अर्धवट. मी आजवर समजत होतो की ती वऱ्हाडीची आवड!

@खोऱ्यातला, तुमचं वाचून थांबलो जरा. पटलं. आमच्या वर्गातही अप-डाऊनवाले होते, पाटण, उंब्रजकडचे. पाचला निघायचे. ग्रूपवर आहेत सगळे, पण आठवणींचा पूर आला की ते गप्प असतात हे तुम्ही म्हणालात तेव्हा लक्षात आलं. तो अभंग कोणता?


नलूमावशी

मी तुम्हा सगळ्यांहून थोरली, सत्तरच्या दशकात कोल्हापूरला शिकले. कॅसेट नव्हतीच. रेडिओ रेक्टरबाईंच्या खोलीत. बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची आणि आम्ही मुली बाहेर व्हरांड्यात, भिंतीला कान लावून. बाईंना ठाऊक होतं. आवाज थोडा मोठा ठेवायच्या आणि वर खोकायच्या, म्हणजे आम्ही आहोत हे त्यांना माहीत नाही असं दाखवायला. २०२४ मध्ये अमीन सायानी गेले तेव्हा मैत्रिणीला फोन केला. दोघींना गाणी कमी आणि बाईंचा खोकला जास्त आठवला.

आणि ओगलेवाडीकर, ग्रूपवर काय टाकताय? त्या मुलाला फोन करा आधी. त्याची वस्तू आहे ती.


खोऱ्यातला

@ओगलेवाडीकर, 'पाऊले चालती पंढरीची वाट'. तुम्हाला वाटेल मी भाविक. तसं काही नाही, ड्रायव्हर होता.


ओगलेवाडीकर

मंडळी, अपडेट. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

काकांनी सांगितलं तसं केलं. कवच बदललं, फीत पुसली, एका मित्राकडून डेक आणला. ए बाजू जवळजवळ स्वच्छ निघाली, बीमध्ये दोन जागी आवाज बुडतो. गच्चीचा वेग कमी करत गेलो आणि एका ठिकाणी पैलवान अचानक पैलवान झाला. त्याचा घोगरा आवाज, तो किशोरच्या वरच्या पट्टीला पोचत नाही आणि शिवी देतो, ती शिवी इतकी वर्षं चिरकेपणात कळतच नव्हती. महालक्ष्मीची शिट्टीही खाली आली.

मग नलूमावशींचं ऐकून वऱ्हाडीला फोन केला. नंबर जुनाच लागला. पहिलं वाक्य, "बोल बे," जणू मी मेसमधून भात घेऊन परत आलोय. फाईल पाठवली. रात्री त्याचा फोन आला. तो हसत होता.

"हे तुही कॅसेट आहे, आपली नाही."

मला समजेना. तर प्रकार असा. रूमवर जी वाजायची ती मूळ कॅसेट त्याच्याकडे आहे, यवतमाळला. कॉलेज संपताना त्यानं माझ्यासाठी आणि पैलवानासाठी एकेक नवी भरून घेतली. गाणी तीच, पण प्रत्येकाच्या आवडीचं गाणं पहिलं आणि त्यापुढचा क्रम वेगळा. म्हणून माझी 'गारवा'नं सुरू होते. मूळ कॅसेटवर 'यारों' ए बाजूला सातवं आहे. त्याच्यानंतर तिथे 'शुक्रतारा' नाहीच, किशोर आहे. गच्चीवरचं त्यानं शेवटच्या महिन्यात तिन्हींवर उतरवलं.

मी काचेची गोष्ट काढली. म्हणाला, "जीटी आपण सेकंड इयरले मारली बे. केके आला तवा तू कॅम्पसच्या टेन्शनमधी होता. काचेवर लकी अली वाजे."

हा माणूस खोटं बोलणाऱ्यांतला नाही. मग माझ्या डोक्यातला हा क्रम कुठून आला? आला तो चिंचवडला. २००० मध्ये नोकरी लागली, एका खोलीत एकटा राहायचो, सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला यायचो आणि झोप येईपर्यंत हीच कॅसेट. खाली उजेड, वर कागद, शेजारी दोघं, हे सगळं मी त्या खोलीत बसून ह्या गाण्यांवर चढवलेलं दिसतंय. शंकासुरांना एक चहा लागू.

मूळ कॅसेट वऱ्हाडी डिसेंबरात घेऊन येतोय. ग्रूपवर यायला तयार नाही, गेट-टुगेदरला येतो म्हणाला. तिकीट महाराष्ट्र एक्सप्रेसचंच काढणार आहे, हौस म्हणून.


मनीप्लांट

हे वाचून फार छान वाटलं. आठवण काढताना माणूस दर वेळी ती थोडी नव्यानं रचतो, हे आम्ही वर्गात शिकवतो. तुमचं उदाहरण वापरलं तर चालेल का? नाव अर्थातच नाही. आणि मूळ कॅसेट आली की एक करून बघा. 'यारों'नंतर तिथे किशोर लागेल तेव्हा आत काय होतं? चुकल्यासारखं वाटतं, की अजून खोल कुठेतरी तोही क्रम आहे? मला खरंच जाणून घ्यायचंय.


टेपवाला_काका

आणि पैलवानाची तिसरी?


ओगलेवाडीकर

@मनीप्लांट, खुशाल वापरा. निकाल डिसेंबरात.

@काका, पैलवानाला फोन केला. तो म्हणे, "आबांनी शाळवाच्या रानात पाखरं हाकायला बांधली की रं ती. चकाकते चांगली, वाऱ्यानं आवाज पण करते." कधी, तर आठ-दहा वर्षं झाली. वर विचारतो, "का, काय होतं तिच्यात?"


टेपवाला_काका

उन्हापावसातली फीत गेली, तिचा नाद सोडा. पण त्याला सांगा, कॅसेटचं रिकामं प्लॅस्टिकचं कव्हर घरात कुठेतरी असेल, ती कोणी टाकत नाही, त्यात खिळे नाहीतर बिया ठेवतात. यादीचा कागद आम्ही घडी करून कव्हरच्या आत घालून द्यायचो. कागद मिळाला तर गाणी कुठूनही गोळा करून त्याच क्रमानं मी भरून देतो. कोऱ्या ९०च्या दोन अजून शिल्लक आहेत माझ्याकडे.